गिरजाबाईची माळ

एकोडीत कावीळ झाली की लोक दवाखान्याआधी गिरजाबाईचं दार गाठतात. मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून ती माळ करते नि डोक्यावर ठेवते. माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. तुकडे सुकतात, दोरा सैल पडतो, म्हणून ती लांबते. गावची आशा सेविका म्हणून दहा वर्षं मी हे घसा फोडून सांगते आहे. पण बाई एक पैसा घेत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध कुणी ऐकूनच घेत नाही. माझं टाळकं सरकतं ते तिथेच.

यंदा धान रोवण्याच्या दिवसांत तिच्याच नवऱ्याला, कवडूजींना, कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अंग खाजवून रक्ताळलेलं, शौच पांढरट. ही साधी कावीळ नाही, पित्ताची नळी अडली आहे, आजच साकोलीच्या दवाखान्यात न्या, असं मी तीनदा जाऊन सांगितलं. तिन्ही वेळा गिरजाबाईने मला अंगणातूनच वाटेला लावलं. माळ बेंबीपर्यंत उतरली. कवडूजी मात्र पिवळेच, आणि नवव्या दिवशी हुडहुडी भरून बरळायला लागले.

मग साकोली, तिथून नागपूर. तिथल्या डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण आत घातली, पित्तनळीचं तोंड जरासं कापलं, अडकलेला खडा ओढून काढला नि पू वाहून जायला प्लास्टिकची बारीक नळी बसवली. पोटावर एक टाका नाही. आणखी एक दिवस गेला असता तर माणूस हाती लागला नसता, हे त्यांनी गिरजाबाईला तोंडावर सुनावलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

कवडूजी घरी आले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, माळेनेच वाचवलं. गिरजाबाईने उरलेल्या माळा चुलीत घातल्या. आता तरी पटलं ना मावशी, असं मी म्हणून घेतलंच.

ती वळली. "तुले समदं मालूम होतं, मंग तुया राखीले कावीळ झाली तवा माळ न्याले काहून आली होती?"

राखीची कावीळ आपोआप उतरणारी होती, रक्त तपासून मला ते कळलंही होतं. तरी पोटच्या पोरीच्या काळजीने मी चोरून माळ नेली होती.

"हे दवाखान्यात जातो म्हनत होते," गिरजाबाई म्हणाली. "मीच अडवलं. म्हनलं, आशाबाईनंबी पोरीले माळच घातली."