कोरडी जमीन

गॅरेजच्या गल्लीत त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. बॉनेटवर नुसता हात ठेवून गाडीचं दुखणं सांगणार, असा त्यांचा लौकिक. आणि तो टिकवायचा म्हणून बुवा तपासणीच्या यंत्रांना नाकं मुरडणार. रेडिएटरची गळती शोधायला शेजारच्या गॅरेजवाल्याने दाब देणारा हातपंप आणला, तेव्हा "डोळे गहाण टाकलेस का रे?" म्हणून बुवांनी त्याची यथेच्छ खिल्ली उडवली होती. त्यांची स्वतःची रीत सोपी. गाडीखाली वाकून बघायचं. जमीन कोरडी असेल तर गळती नाही, गाडीवालाच पाणी घालायचा आळस करतोय.

त्या दिवशी एक शिक्षक जुनी निळी गाडी घेऊन आले. नंबर बघताच बुवांनी हातातला पाना खाली ठेवला. गाडी त्यांच्या धाकट्या बहिणीची होती.

आठ वर्षांपूर्वी ती हीच तक्रार घेऊन आली होती. "दादा, रोज पाणी घालते, तरी कमी होतं रे." बुवांनी वाकून बघितलं, जमीन ठणठणीत कोरडी. "काही झालेलं नाही. पाणी घालत जा, चिमे," म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं. महिन्याभराने वडिलांचं जास्त झालं. ती घाईघाईने निघाली, अर्ध्या रस्त्यात इंजिन तापून गाडी बंद पडली आणि ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बुवांनी चारचौघांत तिला फैलावर घेतलं. "तुझ्या आळसापायी बाबांच्या शेवटच्या भेटीला मुकलीस!" ती मान खाली घालून निघून गेली. तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणंच तुटलं.

"मागच्याच महिन्यात घेतली," शिक्षक सांगत होते. "पाणी कमी होतं हे त्या बाईंनी आधीच सांगितलं. मी म्हटलं, कुणाला दाखवलंत का? तर म्हणाल्या, माझ्या भावाने बघितलंय, रेडिएटर चांगला आहे. त्याला गाडीतलं कळतं." त्यांनी डिकी उघडली. आत पाण्याचे चार कॅन ओळीने ठेवले होते. "हेही त्यांनीच दिले."

कॅनच्या मुठी वापरून वापरून गुळगुळीत झाल्या होत्या. बुवा त्यांच्याकडे बघत राहिले. मग शेजाऱ्याकडे हातपंप मागायला गेले. शेजारी काहीतरी टोमणा मारणार होता, पण त्यांचा चेहरा बघून त्याने पंप काढून दिला.

इंजिन गार होतं. बुवांनी रेडिएटर काठोकाठ भरला, झाकणाच्या जागी पंप बसवला आणि दाब दिला. पंपावरचा दाबाचा काटा चढला, थांबला आणि हळूहळू उतरू लागला. टॉर्च आणि लहानसा आरसा घेऊन त्यांनी मागची बाजू धुंडाळली. वरच्या टाकीच्या सांध्याला, इंजिनाच्या अंगाला, केसाएवढी फट होती. गाडी चालू असताना पाणी तिथून उडायचं ते तापलेल्या इंजिनावर, आणि तिथल्या तिथे वाळून जायचं. जमिनीवर पडणार कुठून? दहा मिनिटांचं काम होतं. तेवढंही त्यांनी घमेंडीपायी केलं नव्हतं.

त्यांनी रेडिएटर उतरवला, सांधा घासून लख्ख केला आणि कथलाचा डाग देऊन फट बुजवली. पुन्हा दाब देऊन बघितला. काटा हलला नाही. शिक्षक आभार मानून गेले, आणि बुवा हातसुद्धा न धुता बहिणीच्या घरी निघाले.

दार तिनेच उघडलं. केस बरेच पांढरे झाले होते. बुवा उंबऱ्याबाहेरच थांबले.

"चिमे, गळती होती. मागच्या सांध्याला. मीच नीट बघितलं नाही."

तिने भांडावं, वाटेल ते बोलावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. तिने फक्त दाराची कडी घट्ट धरली.

"म्हणजे त्या दिवशी मी निघताना पाणी घातलं होतं ना रे, दादा?" ती म्हणाली. "मला घातल्यासारखं आठवायचं. पण तू म्हणालास, म्हणून वाटलं, मीच विसरले असेन."