राखीव राणी

पहिल्यांदा ती नजरेत भरली ती कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात. कारखाना म्हणजे दोनच खोल्या. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची कवळी बोलताना टकटक वाजत होती. तिने ती खिडकीपाशी फिरवून पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही डावीकडून चावता आणि उजवीकडून हसता. दोन्हीकडचं बघायला हवं." आजोबा हसले, खरंच उजवीकडून. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि मेणात दात बसवण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. आयुष्यभर हेच करायचं, हे तिचं ठरलेलं होतं.

सौंदर्यस्पर्धेसाठी मुली तयार करणाऱ्या बाईंनी तिला तिथेच हेरलं. "बाई तुटका दात घेऊन आल्या आणि माझी कारागीर घेऊन गेल्या," असं मालक म्हणत. त्यांना सगळे काका म्हणायचे. तरी सुट्टी त्यांनीच दिली. "जा, मिरवून ये. स्टूल तुझंच आहे."

आंतरराष्ट्रीय स्पर्धेला चौसष्ट देशांच्या मुली आल्या होत्या. तीन आठवडे त्या एका हॉटेलात राहिल्या, एकमेकींच्या पिना लावत, टाचांच्या फोडांवर पट्ट्या चिकटवत. ती दुसरी आली. तिला मनापासून आनंद झाला, कारण पहिलीला आता जगभर हिंडावं लागणार होतं आणि ही सोमवारी कामावर जाणार होती.

सोमवारी सकाळी बाईंचा फोन आला. "कामावर कसली जातेस? तू राखीव आहेस."

मुकुटवालीने लग्न केलं किंवा नियम मोडला, तर दुसरीने तिच्या जागी उभं राहायचं. म्हणून वजन तेवढंच, केस तेवढेच, लग्न नाही, नोकरी नाही. दर आठवड्याला काट्यावर उभं राहून फोटो पाठवायचा.

"एकच वर्ष गं," बाई म्हणाल्या. स्पर्धा दरवर्षी होते, तेव्हा करारही वर्षाचाच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. करारात मात्र लिहिलं होतं, 'पुढचा मुकुट चढेपर्यंत'. पुढची स्पर्धा लांबली. मग पुन्हा लांबली.

"आपल्याकडे जावयाआधी वजनकाटा आला," वडील म्हणायचे, "आणि मानही त्याचाच पहिला." आई त्यांच्यावर डोळे वटारायची आणि वाढताना हात आखडता घ्यायची.

शेजारच्या मावशींनी एकदा विचारलंच, "दुसरी म्हणजे नक्की काय गं? राणी मेली तर तू?"

"मरायला कशाला हवी, मावशी? तिचं लग्न झालं तरी चालेल."

"मग बघूया की तिच्यासाठी एखादं स्थळ!"

करार मोडावा, असं तिच्या मनात कितीदा तरी आलं. पण बाईंकडे आणखी अकरा मुली शिकत होत्या. एकीने करार मोडला, तर स्पर्धावाले पाच वर्षं बाईंची एकही मुलगी घेणार नव्हते. त्या अकराही जणी तिला ताई म्हणायच्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दीड वर्षाने काका घरी आले. "पोरी, स्टूल रिकामं ठेवलं तुझं. पण माझे हात आता कापतात. गिऱ्हाइकं दातांवाचून बसलीत."

"अजून दोन महिने थांबाल, काका?"

"दोन महिन्यांनी काय होणार आहे?"

ती म्हणाली, "धाकटीला घ्या. तिचा हात स्थिर आहे."

आतून धाकटी बहीण ओरडली, "मला नाही घालायची बोटं लोकांच्या दातांत!"

"तोंडात नसतात गं ते, मेणात असतात," ती म्हणाली.

काका निघून गेल्यावर तिने बाईंना फोन लावला. बिनपगारी शिकवलं तर स्पर्धावाले ती नोकरी धरतात का, एवढंच विचारलं. बाईंनी दोन दिवसांनी कळवलं, धरत नाहीत.

स्पर्धेची तारीख अजून जाहीर झालेली नाही. ती आठवड्यातून तीन दुपारी कारखान्यात जाते आणि धाकटीच्या मागे उभी राहून तिला पुढचे दात बसवायला शिकवते.