खाणीचा सहावा पडदा

त्याला सगळे भिंगरी म्हणत. जेवायला बसला तरी त्याचा एक पाय उठायच्या बेतात असे. कुणाकडे गेला की गप्पा मारता मारता त्यांच्या भिंती ठोकून बघायचा, पोकळ आवाज आला तर त्याला चैन पडायचं नाही. "तुमच्यासाठी खुर्ची घेतली ते उगाचच," असं त्याची बायको पाहुण्यांसमोरही म्हणायची.

त्याचा धंदा फरशीचा. तीस वर्षं त्याने लोकांच्या न्हाणीघरांत आणि स्वयंपाकघरांत टाइल्स बसवल्या. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने पोहण्याच्या तलावाचं काम अर्ध्यात सोडलं आणि नखाएवढ्या रंगीत काचेच्या चौकोनांची आठ खोकी भिंगरीच्या घरी येऊन पडली. एका रविवारी हातांना काम नव्हतं, म्हणून त्याने ओट्यामागच्या भिंतीवर त्या चौकोनांचं एक वटवाघूळ बसवलं. निळं, लाल डोळ्यांचं, पंखांच्या कडा जिन्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"खाणीच्या खेळातलं."

लहानपणी बाजारात व्हिडिओ गेमचं दुकान होतं आणि त्यात कोपऱ्यातलं मशीन खाणीच्या खेळाचं. डोक्यावर दिवा बांधलेला एक ठेंगू शिड्यांवरून खाली खाली उतरत जायचा, कंदील गोळा करायचा, वटवाघळं त्याच्या मागे लागायची. एक पडदा पार केला की त्याखालचा लागायचा, आणि असे सहा आहेत असं सगळे म्हणत. पडद्यावरचं सगळं चौकोनांचं असायचं. टाइलवाल्याला ते जमणारच होतं.

बायकोला वटवाघूळ मुळीच आवडलं नाही. शेजारणीला मात्र आवडलं. तिच्या मुलांच्या खोलीत एक अंतराळयान झालं, मग एका न्हाव्याच्या दुकानात आरशांच्या वर शत्रूंच्या विमानांची रांग लागली. मुलाचे केस कापून घ्यायला आलेल्या एका बाईने ती रांग पाहिली. पैसे टाकून लोकांनी आपले कपडे मशीनमध्ये धुवायचे, असं नवं दुकान ती काढत होती.

"लोक पाऊण तास कपडे फिरताना बघत बसतात," ती म्हणाली. "त्यांना बघायला दुसरं काहीतरी द्या."

जागा बघायला गेला तेव्हा भिंगरी दारातच थबकला. हे तेच, लहानपणीचं गेमचं दुकान होतं. जुन्या जमिनीत गेमची मशीन घट्ट बसवायची भोकं अजून दिसत होती. खाणीचं मशीन कुठे होतं ते त्याने पायाने चाचपून काढलं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं की भिंतीवर अख्खी खाण करायची. सहा पडदे, प्रत्येक दाराएवढा.

पाच पडदे नऊ दिवसांत झाले. तो सकाळी सूत ताणायचा, ओळंबा सोडायचा, सिमेंटचा मसाला थापायचा आणि चौकोन दाबत जायचा. ठेंगू कुठे उभा, कंदील किती, सगळं तोंडपाठ. पाचव्या पडद्यापर्यंत तो स्वतः तीनदा पोहोचला होता, आणि त्या जोरावर चौदाव्या वर्षी गल्लीत त्याला मोठा मान होता.

सहावा पडदा त्याने पाहिला नव्हता. त्याच्या ओळखीतल्या कुणीच पाहिला नव्हता.

तो न्हाव्याकडे गेला. न्हावी त्या काळी त्याच दुकानात पडीक असायचा. "खाणीच्या तळाशी सूर्य होता," तो छातीठोकपणे म्हणाला. "माझ्या मावसभावाने पाहिला होता."

भिंगरीने सूर्य केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे पाहिलं आणि खरवडून टाकला. मग विम्याचं काम करणारा एक जुना दोस्त म्हणाला, तिजोरी होती. तिजोरी अर्धी झाली आणि भिंगरीला तीही पटेना. मसाला ओला होता तोवर त्याने तीही काढली, एकेक चौकोन बादलीत धुतला, पुसला, रंगाप्रमाणे लावून ठेवला. मग उठून दुकानात येरझाऱ्या घालू लागला.

"तुमच्या मनाने काहीही करा," दुकानवाली म्हणाली. "कोणाला कळणार आहे?"

"मला," भिंगरी म्हणाला.

"सोमवारी मशीन येताहेत."

"माहीत आहे."

घरी तो ताटावरून उठायचा, अंगणात जायचा, परत यायचा. तिसऱ्या दिवशी बायकोने कंटाळून नणंदेला फोन केला. "ताई, तुमचा भाऊ जेवत नाही, आणि मलाही सुखाने जेवू देत नाही. जरा समजावा."

भिंगरीची थोरली बहीण शाळेची बस चालवायची. मुलांना शाळेत सोडून ती बस घेऊनच दुकानापाशी आली. किल्ली बोटात फिरवत आत शिरली आणि भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली. पाचव्या पडद्यापुढे थांबली.

"ही तिसरी शिडी डावीकडे हवी," ती म्हणाली.

"उजवीकडेच होती."

"उजवीकडे चौथ्यात. पाचव्यात डावीकडे. म्हणून तर तिथे सगळे मरायचे."

भिंगरीने थापी खाली ठेवली. "तुला काय माहीत?"

बहीण खिडकीच्या कठड्याला टेकली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि शेजारच्या इस्त्रीच्या दुकानात कामाला होती, हे त्याला ठाऊकच होतं. गेमचं दुकान उघडायला मालक उशिरा यायचा, म्हणून किल्ली इस्त्रीवाल्याकडे ठेवायचा. मशीन सुरू करायची, प्रत्येकाची कळ दाबून बघायची, एवढं काम मालकाने तिला दिलं होतं.

"मी खाणीचं मशीन जरा जास्त वेळ तपासायचे," ती म्हणाली. "दोन वर्षं. रोज."

"आणि कधी बोलली नाहीस?"

"तू घरी यायचास आणि आईला सांगायचास, आज पाचव्यापर्यंत गेलो. तुझं तोंड केवढं फुललेलं असायचं. काय बोलू?"

भिंगरी बाहेर गेला. रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, वळला, पुन्हा गेला. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, तरी त्याचे कान तापले होते. आपला सगळा रुबाब हिने गप्प राहून फुकट दिलेला होता, असं त्याला वाटत राहिलं. तिसऱ्या फेरीला बसच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला. चौदा वर्षांच्या पोरासारखा फुगलेला. तो आत आला.

"सहाव्यात काय आहे?"

"काही नाही. पुन्हा पहिलाच पडदा लागतो. तेच कंदील, त्याच शिड्या. फक्त वटवाघळं दुप्पट वेगाने येतात."

"मग तू काय करायचीस?"

"पुन्हा उतरायचे. मालक येईपर्यंत."

भिंगरी उघड्या भिंतीपाशी गेला. पहिलाच पडदा परत काढणं सोपं होतं. पण वेग कसा दाखवायचा? काच तर जिथे लावाल तिथेच बसते. त्याने वटवाघळामागे फिक्या निळ्या चौकोनांची एक ओळ लावून पाहिली, तिच्यामागे आणखी फिकी, मग नुसती पांढरी.

"असं दिसायचं?"

बहिणीने डोळे बारीक केले. "दिसायचं नाही. वाटायचं मात्र असंच."

शाळा सुटेपर्यंत ती पालथ्या बादलीवर बसून सांगत राहिली आणि तो लावत राहिला. दुसऱ्या दिवशीही आली. दोघांची शिड्यांच्या पायऱ्यांवरून दोनदा जुंपली, दोन्ही वेळा तिचंच खरं निघालं. रविवारी त्याने पाचव्या पडद्यातली शिडी छिन्नीने उकरली आणि डावीकडे बसवली.

सोमवारी मशीन आली. धुवायला आलेले लोक सहाव्या पडद्यापुढे जरा जास्त थांबतात, असं दुकानवाली सांगते. एका आजोबांना त्याकडे पाहून गरगरतं, ते भिंतीकडे पाठ करून बसतात.

त्यानंतर भिंगरीने आणखी चार भिंती केल्या. अजूनही तो जेवताना उठतो. बहीण घरी आली की चहा व्हायच्या आत विचारतो, "तुझा सगळ्यात मोठा स्कोअर किती होता?"

"आठवत नाही," ती म्हणते.

जिला प्रत्येक शिडीच्या पायऱ्या पाठ आहेत तिला हे आठवत नाही, यावर त्याचा विश्वास नाही. पाच मिनिटांनी तो पुन्हा विचारतो.