उजवा कौल आणि सड्यावरची शेड

वादळाने आमच्या काजूच्या कारखान्याचे पत्रे उडवले. त्यातला एक आमच्याकडच्या सर्वांत जुन्या, काजूगर सोलणाऱ्या बाईच्या खांद्यावर आला. जखम भरली, पण हात वर जात नाही. नव्या शेडसाठी यादी करायला बसले तेव्हा पहिली ओळ ही लिहिली: बायकांना निर्धास्त बसता आलं पाहिजे.

कारखाना मी आणि माझा थोरला भाऊ मिळून चालवतो. जागा भाट्याच्या खाडीपलीकडे, उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. झाड नाही, आडोसा नाही, समुद्राचा वारा थेट अंगावर. सांगाडा कंपनीत तयार होऊन येतो आणि इथे फक्त बोल्टांनी जोडतात, तशी लोखंडी शेड घ्यायचं ठरलं. कोणाकडून, ते ठरेना. मी सगळ्या पुरवठादारांना तेच प्रश्न पाठवले: वाऱ्याचा वेग किती धरलात, खाऱ्या हवेसाठी पत्र्यावर लेप कुठला, जोडणारी माणसं तुमची की ठेक्याची, समुद्रकाठी उभारलेली जुनी शेड दाखवाल का?

पुण्याच्या कंपनीने आराखड्यासकट उत्तरं दिली आणि जुनी शेडही दाखवली. मी शिडीवर चढून गंज कुठे धरलाय ते पाहून आले. खेडचा पुरवठादार दादाच्या सासरच्या नात्यातला. माणूस गोड, कामाला वाघ, पण त्याच्या सगळ्या शेड आतल्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. वाऱ्याचं विचारलं तर म्हणाला, "ताई, वारा काय विचारून येतो?" दादा हसला, मी हसले नाही. माझ्या प्रश्नांचा कागद त्याने भरून पाठवला तो प्रत्येक प्रश्नापुढे 'उत्तम' लिहून.

त्याच आठवड्यात दादा मला न सांगता देवळात गेला. गुरवाने देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या, दादाने खेडच्या माणसाचं नाव घेऊन विचारलं आणि उजवी कळी पडली. उजवा कौल म्हणजे होकार. तो मिळाला की पुन्हा विचारत नाहीत. लेकीच्या लग्नाआधी मीही कौल लावला होता, त्यामुळे मला ते हसण्यावारी नेता येईना.

"देवीने हो म्हटलंन, गो बाय. आता तुझी यादी मिटव."

"तिला वाऱ्याचं विचारलंस?"

"देवीला परीक्षेचा पेपर देतात काय?"

ऑर्डर देणं माझ्याकडे असतं. मी ती पुण्याला दिली. दादाने कारखान्यात यायचं बंद केलं. का, ते गावभर झालं.

शेड सरळ, नेटकी उभी राहिली. जोडणी चालू असताना मी रोज तिथे होते. काम सुरू करायच्या दिवशी बायका आल्या आणि बाहेर कातळावरच बसून राहिल्या. खांद्याला लागलेली बाई त्यांच्यातर्फे बोलली. "छप्पर चांगलाच असंल, ताई. पण कौल मोडून बांधलेल्या छपराखाली आमचा जीव रमायचा नाय." बोल्ट मी स्वतः पाहिलेत, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "जुन्या छपराला पण बोल्ट होतेच."

जिच्यासाठी यादीची पहिली ओळ लिहिली, तीच उन्हात बसली होती. मी दादाच्या घरी गेले. तो ओटीवर बसला होता, उठला नाही. तू आलास तर त्या आत येतील, असं मी सांगितलं.

"मी आलो तर देवीला काय सांगू?"

"कौल मी मोडला म्हणून सांग. गाऱ्हाणं घाल, माझ्या नावाने."

तो उठला. मग आत जाऊन त्याने सदरा बदलला.

नारळ ठेवून शेडच्या दारात त्याने गाऱ्हाणं घातलं. ह्या बायकांची राखण कर, म्हणाला. बायकांनी "होय म्हाराजा" म्हटलं. मग म्हणाला, कौल मोडल्याचा दोष असेल तो माझ्या बहिणीच्या पदरात घाल, बायकांच्या नको. "होय म्हाराजा" बायका पुन्हा म्हणाल्या. सर्वांत मोठ्याने खांद्याला लागलेली तीच बाई म्हणाली.

आता त्या आत बसतात. तिने दाराजवळची जागा घेतली आहे. दुपारनंतर वारा फिरतो, पत्रा कुठेतरी कुरकुरतो. सगळ्यांचे हात थांबतात. त्या आधी छपराकडे बघतात, मग माझ्याकडे.