दस्तगीर मिस्त्री आणि विमानाचं धड

दस्तगीर मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी बोटभर लांबीची कानस असायची. पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, तेव्हा स्टीलच्या ताटलीच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, कानस काढली आणि कड घासायलाच बसले. माझ्या सासूबाई बघतच राहिल्या. "आवं, धार ऱ्हायलीय हिला," ते शांतपणे म्हणाले. "धारंपासनंच चीर पडती."

मिस्त्री मूळचे वडूजचे. हवाई दलात वीस वर्षं विमानांचे पत्रे दुरुस्त करून ते साताऱ्याला परतले आणि टेम्पोच्या बॉड्या बांधू लागले. नव्वदच्या दशकात सांगलीच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी अमेरिकेहून सुट्या भागांचं दोन आसनी विमान मागवलं. पंख जोडायचं काम डॉक्टरांनी स्वतःकडे ठेवलं, शेपटीसकट धड मात्र मिस्त्रींच्या शेडमध्ये आलं. नकाशे इंग्रजीत होते. मी तांत्रिक विद्यालयात यंत्रांची ड्रॉइंग शिकवायची, म्हणून दर रविवारी नकाशा वाचायला जायची.

धड उलटं, पाठीवर निजवल्यासारखं बांधत. पत्रे जोडणारे रिवेट मारण्याआधी मिस्त्री प्रत्येक भोक बोटानं चाचपायचे. मी घाई केली की म्हणायचे, "बाई, टेम्पो बिघडला तर कडंला घेता येतो. वर कुटं कड हाय?"

दिवाळीच्या आधी शेपटीचा भाग पुरा झाला. डॉक्टरांनी ते बघायला पाहुण्यांना बोलावणंही धाडलं. त्याच आठवड्यात वर्गात शिकवताना माझ्या हातातला खडू थांबला. आपल्या पद्धतीत वस्तूची उजवी बाजू कागदावर डावीकडे काढायची, आणि अमेरिकन नकाशात ती उजवीकडेच असते. शेपटीच्या आतल्या दोन आधारपट्ट्या मी उलट वाचल्या होत्या! डावीची भोकं उजवीला पडली होती, तीही अगदी कडेला, जिथून पट्टी चिरू शकते.

शाळा सुटताच मी शेडवर गेले. सांगताना रडू येत होतं. मिस्त्रींनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "कागद तुमी वाचला, पर भोक मी पाडलं. पट्टी हातात हुती, कड दिसत हुती. मला कळाय पायजे हुतं," म्हणाले, आणि रिवेट काढायला बसलेसुद्धा.

बातमी कळताच डॉक्टर आले ते तापूनच. "वरून एक जादा पत्रा मारा, रंग द्या. कोणाला दिसणार आहे?"

"रंगाखाली झाकतंय की," मिस्त्री म्हणाले. "पर हे इमान वर मला न्हाई, तुमास्नी घिऊन जाणार हाय. माझ्याकडनं चूक झाली, डॉक्टर. पट्ट्या नव्या मागवा."

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"बाई, तुमी गप बसा!" ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले.

डॉक्टरांनी वाकून त्या उघड्या शेपटीतल्या कडेच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग पाहुण्यांना येऊ नका म्हणून फोन करायला गेले. पट्ट्या यायला तीन महिने लागले. तोवर मिस्त्रींनी मला माझाच विषय पुन्हा शिकवला, पुठ्ठ्याचं खोकं कापून, कुठली बाजू कागदावर कुठं उलगडते ते दाखवत.

पुढं परवानग्या आल्या, सांगलीजवळच्या माळावरून डॉक्टरांनी विमान एकट्यानं कितीतरी वेळा उडवलं. मग एका सकाळी ते मिस्त्रींना म्हणाले, "चला." मिस्त्रींनी टोपी माझ्याकडे दिली आणि चढले. दहा मिनिटं ते वर होते. मी टोपी इतकी चुरगळली, की तिचा आकारच गेला.

मिस्त्रींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण त्यांची आठवण निघाली की मला त्या विमानातून मान चोळत उतरणारे मिस्त्रीच दिसतात. मी धावत जाऊन विचारलं होतं, "कशी दिसली कृष्णामाई वरून?"

"कुणाला ठावं!" ते म्हणाले. "मी सारा येळ मागं वळून शेपटीकडं बघत हुतो." मग माझ्या हातातली टोपी घेत हळूच म्हणाले, "हालली न्हाई, बाई. जरासुदिक हालली न्हाई."