खांदा आणि एक ‘येस’

एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला आमचे हे म्युनिकला पीएच.डी. करत होते आणि मी तिथल्या अमेरिकन छावणीच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. मुंबईत शिकले होते, काम येत होतं, इंग्रजीही येत होतं. निदान माझा तसा समज होता.

सक्तीच्या लष्करी नोकरीत अडकलेला एक बेसबॉलपटू माझ्याकडे आला. धंदेवाईक खेळाडू, आउटफिल्डर. म्हणजे क्रिकेटमधल्या सीमारेषेवरच्या माणसासारखा, मैदानाच्या टोकाला उभा राहून चेंडू परत फेकणारा. उजव्या खांद्यावर त्याचं पोट होतं. नोकरी संपली की क्लब त्याला परत घेणार होता. पण खांद्याचा स्नायू अर्धा फाटलेला. मी चिठ्ठी लिहिली: सहा आठवडे फेकणं बंद.

“मॅडम, भांग तरी पाडू ना?”

“डाव्या हाताने.”

शुक्रवारी छावणीचा बेसबॉल संघ सांभाळणारा मेजर आला. टेबलावरची चिठ्ठी त्याने उचलून वाचली. दुसऱ्या दिवशी सामना होता. “म्हणजे तो उद्या खेळू शकत नाही?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “येस.”

मराठी माणूस दुसरं काय म्हणणार? नाही ना खेळू शकत? हो, नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ उलटा निघतो. मेजर ‘थँक यू’ म्हणून निघून गेला.

सोमवारी खेळाडू आला तो हात गळ्यात बांधून. एकच लांब फेक, आणि उरलेला स्नायूही तुटला.

घरी हे म्हणाले, “अगं, नकाराला इथे ‘नो’ म्हणतात.”

“अहो, मला व्याकरण शिकवू नका. चिठ्ठी त्याने वाचली होती.”

मेजरने लिहून दिलं की भारतीय बाईंनी परवानगी दिली. मी दोन पानी उत्तर टाइप केलं. त्याचा प्रश्न, माझं उत्तर, चिठ्ठीची प्रत. मोठे डॉक्टर चौकशीला तयार झाले.

तेवढ्यात खेळाडूच एक कागद घेऊन आला. खांदा लष्करात येण्याआधीपासून दुखत होता, म्हणजे मेजरचा दोष नाही, असं त्यावर लिहिलेलं. बदल्यात मेजर त्याला दोन महिने आधी सोडणार होता.

“हे खोटं आहे,” मी म्हटलं.

“चौकशी झाली तर मी उन्हाळ्यापर्यंत इथेच, मॅडम. मार्चमध्ये क्लबचा सराव सुरू होतो, तेव्हा मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय.”

“कुठला हात घेऊन?”

“पहिल्या दिवशी नुसतं पळायला लावतात,” तो म्हणाला. “पळता येतं मला.”

कागदावर साक्षीदाराची सही हवी होती. दवाखान्यातल्याच कुणाची तरी. मी बराच वेळ त्याला बोलले, मेजरवरचा सगळा राग त्याच्यावर काढला. तो ऐकून घेत उभा राहिला, डाव्या हातात पेन धरून.

मी सही केली. मेजरचा राग आजही येतो, पण त्या सहीचा त्याहून जास्त येतो.