हात वाळेपर्यंत

हिंगोलीकडच्या पुसेगावच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा नामदेव पाच महिन्यांचा होता आणि मी चोवीस वर्षांची, अतिशहाणी. आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळ्या सुना आत्याबाई म्हणायचो, सकाळीच वाडग्यात जाऊन आल्या होत्या. वाडगं म्हणजे काटेरी कुपाट्यांच्या आतलं आमच्या मेंढरांचं बिऱ्हाड. तिथली चिमूटभर माती त्यांनी लुगड्याच्या गाठीत बांधून आणली होती. बस धूर सोडत उभी, कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर, आणि ह्या सावकाश गाठ सोडून राहिल्या. माती नामदेवच्या कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "जाय बाप्पा. मेंढरात जन्मलास, मेंढरावानी टणक ऱ्हाय."

मी पाया पडले. रडलेसुद्धा. बस फाट्यावरून वळली, आत्याबाई दिसेनाशा झाल्या, तसं मी पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि ती माती खसाखसा पुसून काढली. जंतू घालवायला थुंकी! शेजारच्या सीटवरची म्हातारी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे असं पाहिलं, जणू मी डॉक्टरीण आणि ती अडाणी.

गावात राहिलेल्या माझ्या जावांनो, तुम्हाला वाटायचं मी शहराच्या हौसेनं गेले. नळाचं पाणी, गॅसची शेगडी, नवऱ्याचा कंपनीतला डबा. हौस होती, खोटं कशाला बोलू. पण निघाले ते भीतीनं. नामदेवच्या आधी मला रुख्मी झाली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ती सातव्या महिन्यात गेली. हगवण लागली आणि तीन दिवसांत गेली. नंतर आरोग्य केंद्राची नर्सबाई घरी आली. ओट्यावर बसून तिनं साधं विचारलं, "लेकराला पाणी उकळून देत होता का?" पाणी उकळतात ते अंघोळीला, एवढंच आम्हाला माहीत.

तो प्रश्न माझ्या अंगात शिरला तो निघालाच नाही. नामदेव झाला त्या दिवसापासून मी बोटांवर महिने मोजायला लागले. हे तेव्हा वाळूजला कंपनीत लागले होते, कुणाच्या तरी खोलीत भागीनं राहत होते. मी निरोपावर निरोप धाडले: स्वतंत्र खोली बघा, कसलीही बघा, पण पोरगं सातव्यात जायच्या आत आम्हाला न्या. सातवा महिना मला गावात बघायचा नव्हता.

खोली मिळाली. वर पत्रा, मधे एक दिवा, बाहेर चौघींत एक नळ. त्या खोलीचा मी दवाखाना केला. नर्सबाईनं सांगितलेल्यातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात बसल्या होत्या, पाणी उकळा आणि हात साबणानं धुवा. मी त्याच्या वीस केल्या. फरशी औषधाच्या पाण्यानं पुसायची, दाराची कडी पुसायची, नामदेवचा खुळखुळा कुकरमधे घालून दोन शिट्ट्या काढायची. खुळखुळा वितळला तर मला समाधान वाटलं की जंतूही वितळले असतील. ह्यांना शिफ्टवरून आल्यावर दारातच शर्ट काढायला लावायची. शेजारीण आमच्याच भागातली, कळमनुरीकडची. ती नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "नामदेवची माय घासून घासून भिंत पातळ करून राहिली. उद्या इकडून तिकडचं दिसल!"

हसा. मीही आता हसते. पण तेव्हा मला खरंच दिसायचे ते. उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगताना दिसली की मला वाटायचं, हे बघ, आले.

आणि घोंगडी! आत्याबाईंनी आपल्या मेंढरांच्या लोकरीची, स्वतः सूत कातून, नातवासाठी मुद्दाम करून घेतलेली काळी घोंगडी सोबत दिली होती. तिला वाडग्याचा वास होता. मी ती मोठ्या भगुल्यात घालून खळखळा उकळली, वरून दांडक्यानं ढवळली. घोंगडीला लावतात ती चिंचोक्याची खळ सगळी सुटली, पाण्याची पेज झाली. आणि घोंगडी बाहेर काढली ती पाटाएवढी! जाड, टणक, नांगरटीच्या ढेकळासारखी. धनगराची लेक, धनगराची सून, आणि लोकर उकळू नये हे विसरले. दोन दिवस मी ती पत्र्यावर वाळत घालून ओढत होते, वाढेल म्हणून.

नामदेवला सातवा लागला त्याच आठवड्यात आत्याबाई दारात उभ्या. न कळवता, एकट्या, हिंगोलीहून जिंतूर, जालना करत. डोक्यावर बोचकं, हातात चरवी. चरवीत चीक होता, नुकत्याच व्यालेल्या शेळीचा. खरवस करून नातवाच्या जिभेला लावायचा होता त्यांना.

माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे गेलंच नाही. नखांकडे गेलं, पायांच्या भेगांकडे गेलं, लुगड्याला चिकटलेल्या लोकरीकडे गेलं. आणि मनात एकच आलं: सातवा महिना बसमधे बसून माझ्या दारात आला.

"आत्याबाई, आधी हात धुवा. साबणानं."

त्या हसल्या. नळावर जाऊन कोपरापर्यंत धुतले. आत येऊन हात पुढं केले आणि म्हणाल्या, "आन बरं माझ्या राज्याला."

हात निथळत होते. पुसायला त्यांनी लुगड्याचं टोक उचललं, तशी मी ओरडलेच, "पुसू नका! लुगड्याला जंतू राहतेत. तसेच हवेवर वाळू द्या."

त्या थांबल्या. दोन्ही तळवे वर करून, देवळात प्रसादाला उभं राहावं तशा खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. नामदेव माझ्या कडेवरून त्यांच्याकडे बघून बोळकं पसरून हसला. मी त्याला त्यांच्याकडे दिलं नाही. मला अचानक खूप कामं आठवली. स्टो पेटवला, पाणी ठेवलं, बाटली उकळायला टाकली, झाकणं मांडली. माझ्या खांद्यावर तो झोपून गेला.

"वाळले माय हात," आत्याबाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे बघून, "झोपलं व्हय," आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. दिवसभर एसटीत बसून आलेली बाई.

त्या पाय धुवायला बाहेर गेल्या तेव्हा मी चरवी मोरीत ओतली. त्यांनी पाहिलं. एवढंच म्हणाल्या, "खरवस तर शिजवूनच करतेत की गं." पत्र्यावर वाळणाऱ्या घोंगडीकडे मात्र बराच वेळ बघत राहिल्या. "ही कोन्या बाहुलीची?" मी म्हटलं, धुतली. त्यांनी बोटानं चाचपली आणि पदर तोंडाला लावून खांदे हलेपर्यंत हसल्या.

चौथ्या दिवशी सकाळी नामदेवला जुलाब लागले. मग उलट्या. दहा वाजेपर्यंत टाळू खोल गेली, डोळे खोल गेले. मला ते डोळे ओळखीचे होते. हे पहिल्या शिफ्टला गेलेले. मी आत्याबाईंच्या अंगावर धावले, "तुमीच चाटवलं काहीतरी! माझी पाठ वळली की चाटवलं! एक गेलं तुमच्या घरात, ह्याला तरी सोडा!"

शेजारीण दारात आली होती. तिच्यासमोर मी हे बोलले.

आत्याबाई उठल्या. नर्सबाईनं रुख्मीनंतर सगळ्या वस्तीला जे शिकवलं होतं, ते त्यांनी करायला घेतलं. मी जंतूंच्या नादात ते विसरून गेले होते, त्या विसरल्या नव्हत्या. उकळून गार केलेलं पाणी माझ्याकडे कळशीभर होतंच. त्यांनी हात धुतले, कुणी न सांगता. पाण्यात साखर घातली, मीठ घातलं, आधी आपल्या जिभेवर थेंब घेतला. "आसवाएवढं खारट पायजे. जास्ती नको," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि चमच्या-चमच्यानं पाजायला लागल्या. तो ओकला की थांबायच्या, पुन्हा सुरू. दवाखान्यात नेताना रिक्षात खड्डे बसत होते तरी चमचा चालू.

डॉक्टरांनी कातडी चिमटीत धरून पाहिली, पोट दाबलं. "पाणी कोण पाजतंय?"

"ही आजी," शेजारीण म्हणाली. ती सोबत आली होती.

"चांगलं केलं. असंच चालू ठेवा." मग माझ्याकडे वळून, "बाटलीनं दूध देता? धुता कशी?"

ह्या प्रश्नाची तर मी सहा महिने वाटच पाहत होते. सगळं पाठ म्हणून दाखवलं. ब्रशनं घासते, बूच वेगळं घासते, वीस मिनिटं उकळते, चिमट्यानं काढते.

"आणि मग कोरडी कशानं करता?"

सांगायला तोंड उघडलं आणि नजर माझ्याच हातावर पडली. त्या क्षणी तो नामदेवच्या ओठावरचा ओघळ पुसत होता. पदरानं. त्याच पदरानं मी सकाळी भगुलं उतरवलं होतं, नळाची तोटी धरली होती, रिक्षाची सीट झटकली होती, रडून नाक पुसलं होतं. त्याच पदरानं मी रोज उकळलेली बाटली आतून-बाहेरून चकचकीत कोरडी करत होते. बुचासकट. आत्याबाईंना ओले हात हवेत वाळवायला लावणारी मी!

डॉक्टर पदराकडे बघत होते. शेजारीण पदराकडे बघत होती. आता आत्याबाई बोलतील, असं मला वाटलं. आणि बोलल्या असत्या तर ते बराबरच होतं.

"तिची चूक न्हाई साहेब," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्यात पदर म्हंजी साफच समजतेत. म्याच शिकवलेलं हाय तिला."

जुलाब बाटलीमुळेच झाले असं काही डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही. असेल, नसेल. पण त्या दिवशी बाटली सुटली, वाटी-चमचा आला. पुढचे दोन दिवस त्या आणि मी आळीपाळीनं पाणी पाजत बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी नामदेवनं माझ्या मांडीवर भलीमोठी धार सोडली. कोरड्या पडलेल्या लेकराची ती धार म्हणजे काय, हे ज्या बाईनं वाट पाहिली तिलाच कळेल. आम्ही दोघी मोठ्यानं हसलो. मी लुगडं बदलायला उठलेसुद्धा नाही.

मग लाजत म्हटलं, "आत्याबाई, तिकडं मेंढरांचं कोण बघतंय? तुमची तकलीफ होऊन राहिली असल."

"सातवा सरू दे," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमीबी मोजून राहिल्या होत्या?"

"काहून? तू एकलीच माय हायेस व्हय? रुख्मी माझ्या मांडीवर गेली."

आठवा लागला त्या सकाळी त्या गावाला निघून गेल्या. मी माफी मागितली नाही. मागायची असते हे मला माहीत होतं; जीभ वळली नाही. त्यांनी सूड मात्र घेतला, आणि तो वर्षानुवर्षं पुरवून घेतला. पुढे आम्ही दिवाळीला गावी जायचो, मी उकळलेल्या पाण्याचे दोन कॅन घेऊन उतरायची, तर ह्या लांबूनच दोन्ही ओले तळवे वर करून ओरडायच्या, "धुतले बरं का म्या! वाळायला दोन मिनिटं हायेत!" सगळी आळी हसायची. पण रांजणाजवळ साबणाची वडी कायमची आली होती, आणि पाणी गाळून, उकळून ठेवलेलं असायचं, हेही मी पाहायची.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराला एकदा नामदेव घरात सापडेना. सहा वर्षांचा असेल. शोधलं तर वाडग्यात, दोन कोकरांच्या मधे गाढ झोपलेला. एक कोकरू त्याचा कान चाटत होतं. मी साबण घेऊन धावले. आत्याबाई कुपाटीला टेकून उभ्या होत्या. "धू ना," म्हणाल्या, "पर उठल्यावर धू." मी साबण हातात धरून तिथं किती वेळ उभी होते, आठवत नाही. तो उठला, आम्ही त्याचे हात धुतले, भाकरी खाल्ली. त्याला काही झालं नाही. झालं असतं तर मी आज वेगळं लिहिलं असतं, हेही खरं.

माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बायांनो, तुमच्या सुना-लेकी मला विचारतात, मावशी, लेकरांच्या बाबतीत जंतूंना किती घाबरावं? मी काय सांगू? पाणी आजही उकळते, दूध कच्चं देत नाही, जेवायच्या आधी हात धुतल्याशिवाय कुणाला बसू देत नाही. रुख्मीनं शिकवलेलं मी सोडणार नाही. पण भीतीचंही त्या पाण्यातल्या मिठासारखं आहे, आसवाएवढीच हवी. मी तेव्हा मूठभर ओतली होती. आणि भीतीच्या नादात एका आजीचे हात हवेत लटकत ठेवले.

आत्याबाई नामदेवच्या दहावीच्या वर्षी गेल्या. वाळूजची खोली सुटली, स्वतःचं दोन खोल्यांचं घर झालं. आता नामदेव पुण्याला आहे. मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे गेले. बोचक्यात पाटाएवढी काळी घोंगडी, ती आता नेमकी लेकराच्या मापाची. दार सुनेनं उघडलं, कडेवर माझी नात.

"आई, आधी हात धुता का? राग मानू नका."

राग! मी कोपरापर्यंत धुतले. आणि बाहेर येऊन खोलीच्या मधोमध उभी राहिले, तळवे वर करून, निथळते.

"अशा काय उभ्या राहिलात?"

"वाळून राहिली मी."

"वाळायचं काय त्यात, अहो!" असं म्हणत तिनं पोर माझ्या ओल्या हातांत ठेवली. झबलं भिजलं. पोरीनं माझं नाक पकडलं. मला थोडा वेळ काही दिसेना.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी पुसेगावकडचं म्हणायची, मग वाळूजचं. आता एवढंच कळतं की ज्या लेकराचे महिने मी बोटांवर मोजते, ते असेल तिथं माझं घर असतं. चहा देताना सुनेनं विचारलं, "आई, किती दिवस राहणार? म्हणजे, राहा हं, सहज विचारलं."

पोरीला त्याच दिवशी सहा महिने पुरे झाले होते. सुनेची पाठ वळली होती, तेवढ्यात मी पदरानं नातीची लाळ पुसून घेतली.

"सातवा सरू दे," मी म्हटलं.